पावणेतीन मात्रांचा दम

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

लॅपटॉपवर ‘शिकायचंय’ नावाचा फोल्डर आहे. वर्षभराने आज उघडला. आत गो, कॉटलिन, एलिक्सिर, रस्ट. चार भाषा आणि चारींत एकच अर्धवट ॲप: कामांची यादी. दूध, वीजबिल, शिंप्याकडचा ब्लाउज. खूण केली की ओळीवर काट. हे काम जावास्क्रिप्टमध्ये मी झोपेतही करीन, नोकरीच त्यावर चाललीय. तेच पुन्हा दुसऱ्या भाषेत करायला बसलं की तिसऱ्या दिवशी कंटाळा येणारच. रस्ट त्यातल्या त्यात टिकली, तीन आठवडे. कुठली किंमत कुणाच्या मालकीची यावरून तिचा कंपायलर रोज भांडायचा. त्यापेक्षा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या बऱ्या.

या वेळी यादी नाही. काल तबल्याच्या क्लासमध्ये गुरुजींनी विचारलं, “तू कम्प्यूटरवाली ना? मग सांग, त्रितालात समेवरून उठून पुढच्या समेवर येणाऱ्या दमदार तिहाया किती? चौगुनीचा हिशेब धर.” मी दोन सांगितल्या. “त्या तर पोरंही सांगतात,” म्हणाले आणि शेजारच्या मुलाकडे वळले.

तबला मी पस्तिशीत सुरू केला. आठवड्यातून दोनदा, जनकगंजात, त्यांच्या ओसरीवर. सहा वर्षं झाली. बाकीचे विद्यार्थी दहा-बारा वर्षांचे आहेत आणि माझ्यापेक्षा बरे वाजवतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

तिहाईचा हिशेब इथे मांडून ठेवते, सहा महिन्यांनी मलाच लागेल. एक बोल तीनदा वाजवायचा, तिसऱ्या वेळचा शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. मध्ये थांबा असेल तर दमदार, नसेल तर बेदम. सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे खालीपासून, नवव्या मात्रेवरून, ‘तिटकत गदिगन धा’ तीनदा. धा पडतात अकराव्या मात्रेवर, चौदाव्यावर आणि समेवर.

बोलाच्या पहिल्या अक्षरापासून त्याच्या धापर्यंतचं अंतर ‘ब’ म्हणू. त्या धापासून पुढचा बोल सुरू होईपर्यंतचं ‘द’. तीन ब आणि दोन द मिळून सगळं अंतर भरलं पाहिजे. वरच्या तिहाईत ब दोन, द एक. सहा आणि दोन आठ. त्रितालाचं पूर्ण आवर्तन सोळा मात्रांचं, चौगुनीत मात्रेचे चार भाग, म्हणून ६४ घरांचं, म्हणजे ३ब + २द = ६४. दोन लूप, एक अट, जावास्क्रिप्टमध्ये पाच मिनिटांचं काम. उत्तर आलं १०.

झालं की मग. नवी भाषा कशाला? भांडी घासताना हेच डोक्यात होतं. परत येऊन चौगुन सोडून बाकीच्या जाती घातल्या: तिस्र, खंड, मिश्र. मात्रेचे तीन, पाच, सात भाग. एक तृतीयांश तीनदा मिळवला, आला १. एक पंचमांश पाचदा, १. एक सप्तमांश सातदा, ०.९९९९९९९९९९९९९९९८.

सम हुकली. जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा ६४ बिटांत बसवलेला असतो आणि त्यात नेमके मावतात ते दोनाच्या घातांनी भागलेले अपूर्णांक. पाव, अर्धा, पाऊण बिनचूक. सप्तमांश जवळपास. खरं तर तृतीयांश आणि पंचमांशही जवळपासच असतात, पण त्यांच्या चुका बेरजेत पोटात जातात म्हणून कळत नाही. मला याची जास्त भीती वाटली. सातवाला निदान पकडला गेला.

उपाय आहे: मात्रेचे इतके बारीक भाग करायचे की सगळं पूर्णांकात बसेल. तिस्र, चतस्र, खंड, मिश्र यांचा लसावि काढला. ४२०. चारसोबीस! शकुन समजले आणि तो रस्ता सोडला.

रविवार, १३ ऑक्टोबर

काल दसरा. तबल्याच्या जोडीशेजारी लॅपटॉपही पूजेला ठेवला. आईने त्याच्या कीबोर्डवर आपट्याची पानं ठेवली, एका पानाचा तुकडा आत गेलाय, ‘क’ची कळ दाबताना करकरते.

भाषा ठरली: हॅस्केल. अपूर्णांक अंश आणि छेद असे दोन पूर्णांक धरून ठेवणारी हवी होती. क्लोजरमध्येही ती सोय आहे, पण तिच्या कंसांच्या रांगा बघून डोळे दुखले. हॅस्केल १९९० ची, हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून. समित्यांनी वाद घालत घालत बनवलेली. उलट जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइकने १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांच्या त्या कामावर माझं घर दहा वर्षं चाललंय, म्हणून नाव ठेवणार नाही.

दुपारभर इन्स्टॉल होत होतं. मध्ये एकदा लाइट गेली.

संध्याकाळी सप्तमांश सातदा मिळवला. पडद्यावर आलं ‘१ % १’. एकावर एक. बिनचूक. मग तिहाया. लूप लिहायचाच नाही. शाळेत संच लिहायचो तसं लिहायचं: असे सर्व ब आणि द, की तीन ब अधिक दोन द बरोबर सोळा. एकच ओळ. तिच्याकडे बराच वेळ नुसती बघत बसले होते.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दहा तिहायांचा कागद छापून गुरुजींना दिला. चष्मा लावला, पहिली ओळ वाचली: “एक टक्के दोन, एकोणतीस टक्के चार.” कागद खाली ठेवला. “व्याजाचा हिशेब आहे का हा?”

चूक माझीच. हॅस्केल अपूर्णांक छापताना भागाकाराच्या रेघेच्या जागी टक्क्याची खूण टाकतो. मी समजावलं की एकोणतीस छेद चार. ते म्हणाले, “मग सव्वासात म्हण की. सरळ सव्वासात असताना एकोणतीसचे चार भाग कोण करतं?”

आणि ओसरीवर पाढे सुरू झाले. गुरुजी मराठी शाळेत शिकले तेव्हा तीस-पर्यंतच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. मला ही नावं आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटतात, पण एकही पाढा कधी येत नव्हता. गुरुजींनी सवायकी वीसपर्यंत न थांबता म्हटली, हाताने ताल धरून. मग म्हणाले, “आणि औटकी.”

औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘औटघटकेचं राज्य’ आपण किती सहज म्हणतो! मला आजवर वाटायचं, औट म्हणजे संपलेलं, क्रिकेटमधल्यासारखं. साडेतीन घटकांचं राज्य आहे ते.

बारा वर्षांचा एक मुलगा क्लासला येतो, त्याने विचारलं, “साडेतीन असताना औट कशाला?” गुरुजी म्हणाले, “दीड असताना तू साडेएक म्हणतोस का?” तो गप्प. मीपण.

घरी येताना डोक्यात हेच. तबलेवाले मात्रेचा विचार या शब्दांत करतात, आणि हे शब्द नेमके आहेत. पाऊण म्हणजे ०.७५ नव्हे, चारातले तीन. हॅस्केल तेच पोटात धरून ठेवतो, फक्त बोलताना टक्के म्हणतो. त्याला मराठी बोलायला लावलं की झालं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

अपूर्णांकाला मराठी शब्द देणारं फंक्शन लिहिलं. आजवर हॅस्केलमध्ये केलेलं सगळ्यांत मजेचं काम. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळेल तो लागू. म्हणून अपवाद आधी: अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मग गुरुजींच्या आग्रहाखातर औट. त्याखाली सर्वसाधारण नियम: पाव जास्त असेल तर ‘सव्वा’ आणि पुढे आकडा, अर्धा जास्त असेल तर ‘साडे’, पाव कमी असेल तर ‘पावणे’ आणि पुढचा आकडा. पावणेतीनमध्ये तीन येतो, दोन नाही, इथे पहिल्यांदा चुकले आणि अकरा चतुर्थांशाला पावणेदोन म्हणून बसले.

नवशिक्याचा मार आज पोटभर खाल्ला. ‘धा’ छापायला सांगितला तर पडद्यावर उलटी तिरकी रेघ २३४३, उलटी तिरकी रेघ २३६६. हे ध आणि काना यांचे युनिकोड क्रमांक. कारण असं की हॅस्केलची एक आज्ञा मजकूर जसाच्या तसा दाखवते आणि दुसरी प्रोग्रामरला समजेल असा दाखवते, आणि मी दुसरी वापरत होते. ‘धिं’ची लांबी विचारली तर तीन. ध, वेलांटी, अनुस्वार. तबल्यावर तो एकच आघात. म्हणून बोल मजकुरात ठेवायचेच नाहीत, प्रत्येक बोलाला स्वतःचा प्रकार द्यायचा असं ठरवलं. त्यातही अडचण: या नावांचं पहिलं अक्षर मोठं लागतं, आणि देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. शेवटी आत रोमन, बाहेर देवनागरी.

कंपायलर एक पिवळा इशारा देतोय की फंक्शनमध्ये सगळ्या शक्यता आलेल्या नाहीत. चालतंय ना? नंतर बघू.

२८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर

दिवाळी. चकल्या. शून्य ओळी.

शनिवार, ९ नोव्हेंबर

नवा कागद घेऊन गेले, शब्दांतला. गुरुजींनी पेन्सिल मागितली. हा कागद इथे उतरवून ठेवते, आधी बोल, मग दम: अर्धा, सव्वासात. एक, साडेसहा. दीड, पावणेसहा. दोन, पाच. अडीच, सव्वाचार. तीन, औट. औट, पावणेतीन. चार, दोन. साडेचार, सव्वा. पाच, अर्धा.

त्यांनी चौथ्या जोडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले हिशेब चुकलाय. “तीन मात्रांचा बोल, चार मात्रांचा दम. तीन, चार, तीन, चार, तीन. सतरा. तू दोन आणि पाच लिहिलंस.” मी म्हटलं, दोन, पाच, दोन, पाच, दोन. सोळा. ते सतराला चिकटले, मी सोळाला. पाच मिनिटं दोघं बोटांच्या पेरांवर मोजत होतो. दोघांचं बरोबर होतं. ते खांब मोजत होते, मी खांबांमधली अंतरं. त्यांच्या मोजणीत धाला स्वतःची एक मात्रा असते आणि पुढची सम म्हणजे सतरावी मात्रा. मी धापर्यंतचं अंतर धरलं होतं.

प्रोग्रामरांची ही जुनी दुखणी आहेत. आमची रांग शून्यापासून सुरू होते, ताल एकपासून. सोळाने भागून बाकी काढली की सम शून्यावर येते, आणि शून्यावी मात्रा कुठल्याच तबलजीने ऐकलेली नाही. आता हिशेब आत शून्यापासून आणि कागदावर गुरुजींच्या पद्धतीने, म्हणजे चौथी जोडी छापताना तीन आणि चार. पण मग पाच-अर्धा या जोडीचं काय? धाला पूर्ण मात्रा दिली तर दम उणे होतो. गुरुजी म्हणाले, तिथे धा आखूड. मग मात्र ते स्वतःच म्हणाले की तुझीच पद्धत ठेव, फक्त वर लिही की दम धा धरून मोजलाय.

रविवार, १७ नोव्हेंबर

हॅस्केल आळशी आहे. दोष म्हणून सांगत नाही, ती त्याची रीतच आहे: मागितल्याशिवाय काही मोजत नाही. म्हणून त्यात न संपणारी यादी ठेवता येते. ठेक्याचे सोळा बोल दिले आणि ‘फिरत राहा’ म्हटलं. धा धिं धिं धा अनंतापर्यंत तयार. त्यातून हव्या तेवढ्या मात्रा काढून घ्यायच्या. जावास्क्रिप्टमध्ये अशी यादी बनवायला गेले असते तर पंखा किंचाळला असता. जनरेटर वापरून तिथेही जमतं, हे मला माहीत आहे. पण कधी सुचलं नव्हतं.

आज वाचनात आलं की हे वेड जुनं आहे. बर्नार बेल आणि जेम्स किप्पेन यांनी १९८० च्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ केला होता. कायदा म्हणजे एकाच ओळीचा विस्तार करत जाणारी तबल्याची रचना. त्या कायद्यांचं व्याकरण संगणकाला शिकवायचं, त्याने ओळीचे नवे पलटे, म्हणजे फेरफार, काढायचे आणि लखनौचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांनी ते ऐकून चूक-बरोबर सांगायचं. आणि सध्या लोक रंगमंचावर बसून कोडमधून संगीत वाजवतात त्या टायडलसायकल्सचा काळ हॅस्केलच्या याच अपूर्णांकांत मोजला जातो. मला वाटलं होतं मीच पहिली. थोडं वाईट वाटलं, मग बरं वाटलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

कायद्याला हात घातला. दिल्लीचा, सगळ्यांना पहिल्यांदा शिकवतात तो. भरीची, म्हणजे डग्गा वाजतो ती ओळ: धाधा तिट धाधा तिंना. खालीची ओळ प्रोग्रामने स्वतः बनवावी असं मनात होतं. धाचा ता करायचा, धिंचा तिं, डग्गा बंद. यादीतल्या प्रत्येक बोलावर एक फंक्शन फिरवायचं, हॅस्केलमध्ये याहून सोपं काही नाही. निघालं: ताता तिट ताता तिंना. अभिमानाने गुरुजींना फोनवर वाचून दाखवलं.

पलीकडे शांतता. मग, “भरी परत कुठं आली?”

खरी ओळ आहे ताता तिट धाधा धिंना. खाली अर्ध्यापर्यंतच टिकते, मग डग्गा परत येतो, कारण समेला जायचंय. आणि भरीच्या ओळीचा शेवट तिंना, खालीच्या ओळीचा धिंना. म्हणजे शेवट उलटे! भरीची ओळ संपताना खाली येतेय हे आधीच सांगते, खालीची संपताना भरी येतेय हे सांगते. सहा वर्षं मी हे वाजवतेय आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं. हात बरोबर करत होते, डोक्याला खबर नव्हती.

नियम आता तुकड्यांवर आहे, बोलांवर नाही. कोड दुप्पट झाला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मोनाड, हॅस्केलमधली एक अवघड कल्पना. तीन लेख, दोन व्हिडिओ. एकाने डबा म्हटलं, एकाने बुरिटो. बुरिटो काय असतो तेही शोधावं लागलं. फाइल वाचता-लिहिता येतेय, पुढे जाते.

रविवार, १ डिसेंबर

आवाज. हे काम ब्राउझरचं, म्हणून परत माहेरी: जावास्क्रिप्ट. हॅस्केलचा कोड ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेंब्लीत नेता येतो आता, पण माझ्या कामाला ते म्हणजे गजक आणायला ट्रक. हॅस्केल हिशेब करून जेसन फाइल देतो, ब्राउझरमधलं पान ती वाजवतं.

पहिला प्रयत्न टायमरवर. विलंबित लयीत ठीक, द्रुतला लंगडायला लागला. सेकंदाला चार मात्रांच्या लयीत चौगुनीचं एक घर ६२.५ मिलिसेकंदांचं असतं, आणि टायमरचं वचन एवढंच की ‘इतक्या वेळाच्या आधी नाही’. नंतर कधी, ते त्याच्या मर्जीवर. दुसऱ्या टॅबवर गेलं की तो सेकंदातून एकदाच जागा होऊ शकतो. ठेक्याची प्रेतयात्रा.

उपाय माहितीतला आहे: वेळ आवाजाच्या यंत्रणेच्या घड्याळावरून घ्यायची. टायमर दर २५ मिलिसेकंदांनी फक्त डोकावतो आणि पुढच्या १०० मिलिसेकंदांत जे बोल येणार आहेत ते आधीच नेमून ठेवतो. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, “मग? हात आधी उचलल्याशिवाय थाप वेळेवर कशी पडेल?”

रविवार, ८ डिसेंबर

बोल माझ्याच तबल्याचे, फोनवर रेकॉर्ड केलेले. थंडीने तबला सुरातून हललाय, हातोडी मारून मारून काळी चारवर आणला. सतरा टेकपैकी चारांत कुकरची शिट्टी, एकात भाजीवाला.

वाजवून बघितलं तर प्रत्येक थाप किंचित मागून. दोन तास कोड तपासला, कोड निर्दोष. शेवटी फाइलच उघडून पाहिली: सुरुवातीला रिकामी जागा. एमपी-३ करताना एन्कोडर पुढे थोडी शांतता भरतो, हे मला मीडियाचं काम करूनही ठाऊक नव्हतं, गाणी ऐकताना कोण मोजतंय. सगळे बोल वेव्ह फाइलमध्ये परत काढले, आघाताच्या क्षणापासून कापून. आता बसतंय.

सोमवार, १६ डिसेंबर

काल तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष सुरू झालं. सकाळी हजीऱ्याला समाधीपाशी गेले होते, आईला घेऊन. ढोलीबुवांची हरिकथा आणि मग मिलाद हा प्रघात तिला चुकवायचा नसतो. तिथेच क्लासमधली तीन मुलं भेटली.

रात्री फोनवर बातमी आली झाकिरभाईंची. मग ती खोटी आहे असं आलं. झोपेपर्यंत दोन्ही येत राहिलं. सकाळी कुटुंबाने सांगितलं, खरी आहे. सॅन फ्रान्सिस्को. ७३ वर्षं.

आज वार नसताना सगळे ओसरीवर आले. गुरुजी फार बोलले नाहीत. त्रितालाचा ठेका लावला, विलंबित, आणि आम्ही सगळे नुसता ठेका वाजवत बसलो, अर्धा तास. तिहाई घेऊन संपवायची तर कुणी तरी घ्यायला हवी होती. कुणी घेतली नाही. एकेक जण थांबत गेला.

कोडला हात लावला नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

आज तबला दिवस. गेल्या वर्षी याच तारखेला किल्ल्यावर ताल दरबार झाला, १२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवलं आणि गिनीजमध्ये नोंद झाली. ग्वाल्हेरला युनेस्कोने संगीतनगरी म्हटल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मी त्या १२८२ मध्ये नव्हते. एका ग्राहकाची साइट नाताळच्या सेलमध्ये पडली होती आणि मी घरी बसून ती उचलत होते. क्लासमधला तो बारा वर्षांचा मुलगा होता, अजून सांगतो.

म्हणून आजचा मुहूर्त. लॅपटॉप ओसरीवर नेला, छोटा स्पीकर लावला. पान उघडलं, आवाज नाही. थंडीतही घाम. ब्राउझर बोट लागल्याशिवाय आवाज सुरू करत नाही आणि मी सुरुवातीचं बटण ठेवलंच नव्हतं. कुठेही दाबलं तरी चालतं म्हणून गुरुजींनाच पडद्यावर बोट ठेवायला सांगितलं, ठेका सुरू झाला.

दहाही तिहाया एकामागून एक ऐकल्या. पहिलीला हसले. “सव्वासात मात्रांचा दम! तेवढ्यात ऐकणारा चहा पिऊन येईल.” पेन्सिलीने काट. दुसरी, तिसरी काट. दोन-पाच राहिली. अडीच-सव्वाचार काट; का विचारलं तर म्हणाले, मजा नाही. सातवीला, औट आणि पावणेतीनला, हात वर करून थांबवलं. परत लाव. परत लाव. मग स्वतः जोडी ओढून बोल बांधायला लागले. औट मात्रांत काय काय बसवून बघितलं, धिरधिर घालून, काढून. दोनदा समेच्या पुढे गेले, एकदा अलीकडे राहिले आणि स्वतःवरच चिडले. चौथ्यांदा बसली.

“मशीनचा धा फार साफ आहे,” एवढंच म्हणाले. “तिन्ही धा सारखे. तिसरा जड हवा.”

तिसऱ्या धाचा आवाज थोडा वाढवला. किती, ते अंदाजाने. यासाठी कुठल्याच भाषेत अपूर्णांक नव्हता.

रविवार, ५ जानेवारी २०२५

मुलांना पान वापरायला दिलं. बारा वर्षांच्याने दोन मिनिटांत मोडलं. त्याने एकताल निवडला, तिस्र निवडलं आणि बटण दाबलं. हॅस्केलच्या बाजूला प्रोग्राम कोसळला, पान कोरं.

ऑक्टोबरातला पिवळा इशारा. सगळ्या शक्यता आलेल्या नाहीत, असं तो तेव्हापासून सांगत होता. एकतालाच्या बारा मात्रा, तिस्रात ३६ घरं, पाच तिहाया निघतात, हिशेब बरोबर. पण पहिल्याच तिहाईत बोल येतो दोन तृतीयांश मात्रांचा, आणि माझ्या फंक्शनकडे त्याला शब्द नाही. पाव आहे, पाऊण आहे, सव्वा आहे. तिसऱ्या हिश्श्यासाठी काही नाही.

गुरुजींना विचारलं, तुमच्या पाढ्यांत होतं का काही? ते बराच वेळ आठवत राहिले. पावकीपासून औटकीपर्यंत ओठांतल्या ओठांत सगळं म्हणून झालं. “वाजवताना तर कधी अडलं नाही,” म्हणाले. “तिस्रातली दोन घरं म्हणायचो आम्ही.” मग म्हणाले, विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते सांगितलं नाही.

तोवर त्या जागी प्रोग्राम एक रेघ काढतो. मुलगा ती रेघ बघतो, तीन बोटं मोजतो आणि वाजवतो.